सोळा पिनांची वायर

मानसरोवर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांची रांग उन्हात उभी आहे. "कामोठे, कामोठे, एक सीट!" मे महिन्यातली दुपार. खाडीकडून वारा येतो, पण ओला येतो. शर्ट पाठीला चिकटतो तो सुटतच नाही. रिक्षा भरतात, निघतात. मी चालत निघतो.

कामोठे आखीव आहे. सेक्टर, चौक, पुन्हा सेक्टर. वर गॅलऱ्यांत वाळणारे कपडे आणि एसीतून ठिबकणारं पाणी. खाली गाळेच गाळे. पोळी-भाजी केंद्र, दहावीचे क्लास, दातांचा दवाखाना, झेरॉक्स, पुन्हा पोळी-भाजी. पदपथावर कैऱ्यांचे ढीग. छत्रीच्या सावलीत एक बाई सुके बोंबील निवडत बसली आहे. दुपारी दोन ते चार इथली बरीचशी शटरं अर्धी खाली येतात. मला जायचं आहे ते दुकान या वेळेत उघडं असतं, कारण गॅरेजवाल्यांना सवड मिळते ती याच वेळी.

पाटीवर लिहिलं आहे: मोबाइल, लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स. गाड्यांचा उल्लेख पाटीवर नाही. तो दाराच्या काचेवर आहे, काळ्या मार्करनं: 'कार स्कॅनर वायर रिपेअर.' अक्षरं उन्हानं फिकी पडली आहेत.

गाळा एका शटरच्या रुंदीचा. काचेचं काउंटर, त्यामागे टेबल, टेबलावर जागोजागी भाजलेली निळी रबरी चटई. भिंगाचा दिवा. स्टँडवर सोल्डरिंग गन. पेस्टची डबी, चिमटे, मल्टिमीटर, जुन्या पीसीबींनी भरलेला श्रीखंडाचा डबा. डोक्यावर पंखा आहे आणि तो बंद आहे. चालू केला तर तांदळाच्या कण्यांहून बारीक भाग टेबलावरून उडतात, गनचं टोकही गार पडतं. त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी पंख्याकडे बघतो, मग काकांकडे, आणि मुकाट्यानं घाम पुसतो.

काका पन्नाशीचे. कपाळाला रुमाल बांधलेला, नाकावर चष्मा, चष्म्यापुढे भिंग. आधी टीव्ही, मग डीव्हीडी, मग मोबाइल, आता गाड्यांच्या वायरीही. रांगेत चार जण. पाण्यात पडलेला मोबाइल घेऊन आलेल्या एक ताई, लॅपटॉपवाला कॉलेजचा मुलगा, आणि दोघे गॅरेजवाले. गॅरेजवाले लगेच ओळखू येतात. नखांच्या कडेला काळं ऑइल, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वायर.

"बघा की जरा, काका. परवापर्यंत चालत होती. आता लॅपटॉप ओळखतच नाही."

निळ्या रंगाची, हातभर लांब वायर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला सोळा पिनांचा जाडजूड कनेक्टर. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, जवळपास प्रत्येक नव्या गाडीत या कनेक्टरसाठी एक खाच असते. चालवणाऱ्याला ती आयुष्यभर दिसत नाही. तिथून गाडी आपले दोष सांगते. अमेरिकेत १९९६ पासून ही खाच सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये.

काका वायर आपल्या लॅपटॉपला लावतात. वायरवरचा लाल दिवा लागतो. लॅपटॉप 'टुंग' करतो. यादीत एक ओळ उमटते आणि तिच्यापुढे पिवळा त्रिकोण.

"दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपला लावली होती?"

"भाच्याच्या. जुना होता. आमच्याची बॅटरी उतरली म्हणून."

काका मान हलवतात. त्या ओळीवर क्लिक करतात, अजून एक खिडकी, अजून एक. एका जागी बोट ठेवतात. तिथं ६००१ हवं. आहे ००००.

"नंबर पुसलाय."

यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू लॅपटॉपला आधी दोन नंबर सांगते. मला कोणी बनवलं, आणि मी कोण आहे. दुसरा नंबर शून्य झाला की लॅपटॉपला ती वस्तू कळत नाही. या वायरीत यूएसबीचं बोलणं साध्या सिरियल भाषेत फिरवणारी एक चिप असते, एफटी-२३२ नावाची. मूळ चिप एका स्कॉटिश कंपनीची. तिच्या नकला जगभर पसरल्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांच्या लक्षात आलं, की विंडोजच्या अपडेटमधून आपोआप आलेला नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखतो आणि तिचा नंबर शून्य करून टाकतो. एवढा आरडाओरडा झाला, की तो ड्रायव्हर काही दिवसांत मागे घ्यावा लागला. २०१६ मधल्या ड्रायव्हरनं नंबराला हात लावला नाही. त्यानं वायरीतून जाणाऱ्या माहितीच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' एवढंच पाठवायला सुरुवात केली.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये तो २०१४ चा ड्रायव्हर कोपऱ्यात बसून आहे. इतक्या वर्षांनी त्याला सावज मिळालं.

चिप बनवणाऱ्यांची तक्रार खरी होती, हे मला मान्य आहे. नकलेनं त्यांचं नुकसान होतच होतं. पण फटका बसला तो या काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला. त्यानं चिप कधी विकतच घेतली नव्हती. त्यानं वायर घेतली होती. आत काय आहे हे त्याला आजही माहीत नाही, आणि पाकिटावर ते कुठं लिहिलेलंही नाही.

काकांचा लॅपटॉप कधी इंटरनेटला जोडलेला नाही. त्यात जुना ड्रायव्हर आहे आणि नंबर परत लिहिणारी एक छोटी प्रणाली. काही मिनिटांचं काम. पुन्हा 'टुंग'. पिवळा त्रिकोण गेला.

"भाच्याच्या लॅपटॉपला परत लावू नका. लावली तर परत याल."

"आणि काका, ते सॉफ्टवेअर पण मागतंय काहीतरी. लायसन म्हणतंय."

"ते मला विचारू नका. मी वायर करतो."

हे काका प्रत्येकाला सांगतात, आणि त्याच सुरात सांगतात. मूळ सॉफ्टवेअर बनवणारे आपली अस्सल वायर विकतात, त्यावरच त्यांचं पोट आहे. नकली वायरीला ते नव्या आवृत्तीत दार बंद करतात. ते त्यांच्या हक्कात बसतं. काकांच्या टेबलाची हद्द तांब्यापाशी संपते.

लॅपटॉपवाल्या मुलाचा नंबर लागतो. तो बिजागरीचं काम विचारून दर ऐकून परत जातो. ताईंचा मोबाइल उघडून दिव्याखाली वाळत ठेवला जातो. दुसरा गॅरेजवाला पुढे सरकतो. अंगानं किरकोळ, पंचविशीचा, दंडावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग.

"दिवा लागतो, लॅपटॉप ओळखतो, गाडी मात्र बोलत नाही. ऑक्टाव्हिया आहे. जुनी."

ऑक्टाव्हिया म्हटल्यावर काका चष्मा वर करतात. ही गाडी २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळू लागली. तिच्याच कुळातली पोलो २००९ च्या डिसेंबरपासून चाकणला बनू लागली आणि २०२२ मध्ये थांबली. दोन्ही महाराष्ट्राच्या मातीत तयार झालेल्या गाड्या. दोन्ही आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरचं बिल त्या मालकाला झेपत नाही. तो हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतो. शेडवाल्याकडे ही निळी वायर असते.

वायर नसेल तर काय? दोषाच्या कोडमध्ये पहिलं अक्षर पी असलं तर इंजिन-गिअर, सी म्हणजे चेसी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपापसातला अबोला. पी नंतर शून्य असेल तर कोड सगळ्या जगाला सारखा. एक असेल तर तो ज्या त्या कंपनीचा. शून्याचे कोड कुठलाही स्वस्त स्कॅनर वाचतो. एअरबॅग, एबीएस, चावी हे बहुतेक कंपनीच्या भाषेत असतं, आणि ती भाषा कळणारं यंत्र बरीच वर्षं फक्त अधिकृत दुकानातच होतं. २०११ मध्ये एका नागरिकाची याबद्दलची तक्रार बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे पोचली. निकाल लागला ऑगस्ट २०१४ मध्ये. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड. कंपन्या अपिलात गेल्या. त्या निकालानंतर दोन महिन्यांनी चिपांचे नंबर शून्य झाले. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल सुरू झालं, त्यात मोटारीही आहेत. शेडवाल्याच्या हातात मात्र अजून ही निळी वायरच आहे.

काका लॅपटॉपला हात लावत नाहीत. आधी दोन्ही टोकांचे स्क्रू. झाकणं निघतात. यूएसबीकडच्या हिरव्या पीसीबीवर एक मोठी चिप, दोन-तीन छोट्या, एक चकचकीत क्रिस्टल. मल्टिमीटर बीपवर. टेबलाच्या कडेला मार्करनं दोन ओळी लिहिलेल्या आहेत, वर १ ते ८, खाली ९ ते १६. काका त्याकडे बघतही नाहीत. ओठ हलतात.

"सोळा." बीप. बॅटरीचा करंट येतो तो इथून.

"चार." बीप. "पाच." बीप. दोन्ही अर्थिंग.

"सहा, चौदा." बीप, बीप. नव्या गाड्यांचं बोलणं या दोन तारांवरून चालतं, त्याला कॅन म्हणतात.

"सात."

शांतता.

काका कनेक्टरच्या गळ्याशी वायर वाकवतात. बीप. सोडतात. बंद. पुन्हा वाकवतात. आतून तुटलेली तार दुखऱ्या दाढेसारखी वागते, धक्का लागला की कळ आणि सोडली की गप्प. "दिवा लागला म्हणून फसलास. दिवा यूएसबीच्या करंटवर लागतो. सात नंबर गेली की जुन्या गाडीशी बोलायला काही उरत नाही."

सात नंबर म्हणजे के-लाइन. एकच तार, तिच्यावरूनच जाणं, तिच्यावरूनच येणं. जुनी ऑक्टाव्हिया हीच भाषा बोलते, सेकंदाला १०,४०० बिट. कॅनवर तेच काम सेकंदाला पाच लाख बिटांनी होतं. १९८६ साली एका जर्मन कंपनीनं कॅन जगापुढे मांडलं, तेव्हा गाडीतल्या तारांचा गुंता कमी करणं हा हेतू होता.

पकडीचा आवाज. गळ्यापासून दोन इंच वायर कापून बाजूला. काका साल सोलतात. तांबं तांबडं असायला हवं. ते काळपट आहे आणि मध्ये हिरवा थर. कामोठ्याच्या हवेत मीठ आहे. एक पावसाळा गॅरेजात उघडी टांगलेली वायर दुसऱ्या पावसाळ्यात आतून संपत आलेली असते. अजून इंचभर कापली जाते. तांबं लागतं.

गन तापली आहे. पेस्टचा धूर उठतो, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. सगळे एक पाऊल मागे जातात, फक्त तो गॅरेजवाला पुढे वाकतो. एकेक तार. आधी तारेवर कथिल, मग पिनेवर कथिल, मग दोन्ही एकत्र. काका प्रत्येक जोडावर फुंकर न घालता थांबतात. घाई करून हलवलं की जोड वरून चांगला दिसतो आणि आतून सुटलेला राहतो. त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. क्रिस्टलच्या पायांशी तसे दोन जोड आधीपासूनच आहेत, कारखान्यातून आलेले. तेही पुन्हा होतात, न मागता.

आणि लाइट जाते.

गनचा दिवा विझतो. शेजारच्या झेरॉक्सचं यंत्र मध्येच थांबतं. कोणीतरी वर खिडकी उघडतं. इन्व्हर्टर आहे, पण तो भिंगाचा दिवा आणि लॅपटॉपापुरता. गन त्यावर लावत नाहीत. शेवटच्या दोन पिना राहिल्या आहेत. काका गन स्टँडवर ठेवतात, रुमाल सोडून पिळतात, परत बांधतात. ताई आपल्या मोबाइलकडे बघतात. रस्त्यावरून उसाच्या रसाच्या गाडीची घुंगरं ऐकू येतात. काकांच्या हाताखालचं पोरगं धावत जाऊन रस आणतं, स्टीलच्या पेल्यांत, बर्फ कमी. कोणी फार बोलत नाही. उकाडा एवढा आहे, की बोलण्यानंही घाम फुटतो.

या वेळात आणखी एक माणूस येतो. त्याच्याकडे वायर नाही, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा ठोकळा आहे. ब्लूटूथचा. मोबाइलवर गाडीचे कोड दाखवणारा. काही शे रुपयांत मिळतो. वर छापलंय 'व्हर्जन १.५'.

"नवीनच घेतला. माझ्या गाडीला लागतच नाही. पुतण्याच्या गाडीला लागला."

"गाडी कुठल्या सालची?"

साल ऐकून काका हसत नाहीत, फक्त ठोकळा उघडतात. इन्व्हर्टरवरच्या दिव्याखाली आतली पट्टी दिसते. सात नंबरच्या पिनेजवळ छोटे छोटे पॅड आहेत, रिकामे. तिथं रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर बसायला हवेत. बसवलेलेच नाहीत. अशा ठोकळ्यांतली मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. पहिल्या आवृत्तीला तिनं कुलूप घातलं नव्हतं, तीच सगळीकडे उतरवली गेली. १.५ नावाची आवृत्ती त्या कंपनीनं कधी काढलीच नाही. काका मोबाइलवरून 'एटीझेड' अशी आज्ञा पाठवतात. ठोकळा तत्परतेनं आपलं नाव आणि १.५ सांगतो.

"तुमचं काही बिघडलेलं नाही. यात सामानच घातलेलं नाही. पुतण्याची गाडी कॅनवाली आहे, तिथं चालेल. तुमच्या गाडीला नाही चालणार."

"मग बसवून द्या की सामान."

"बसेल. पण चिपलाच ती भाषा नीट येते की नाही, ते मला ठाऊक नाही. तुमचे पैसे घेऊन मी प्रयोग करणार नाही."

ठोकळा बंद करून परत. पैसे घेतलेले नाहीत. अशा 'नाही'ला मी फार मानतो. अंदाजानं काहीतरी बसवून दिलं असतं तर माणूस खूश होऊन गेला असता, आणि एखाद्या दिवशी त्या ठोकळ्याच्या सांगण्यावरून चांगला सेन्सर बदलून आला असता.

लाइट येते. गन तापायला वेळ घेते. राहिलेल्या दोन पिना होतात. वरून स्लीव्ह, गरम हवेनं आवळलेली. मग शेवटची तपासणी. टेबलावरच्या सप्लायमधून सोळा आणि चारवर बारा व्होल्ट. मल्टिमीटरची लाल काडी सातवर. कोणी बोलत नसताना के-लाइन बॅटरीच्या जवळपास वर उभी असायला हवी. ती अर्ध्यावर किंवा शून्यावर पडून असेल, तर तिला हलवणारी चिप जळालेली असते, आणि मग श्रीखंडाच्या डब्यातून तशीच चिप शोधावी लागते.

११.८.

"उभी आहे. दीडशे दे. आणि गाडीवर लावून बघ. नाही चालली तर पैसे परत."

गॅरेजवाला मला बाइकवर मागे घेतो. सेक्टर मागे पडतात, रस्ता रुंद होतो. समोर महामार्ग. त्यापलीकडे कळंबोली, लोखंडाचा बाजार, पट्ट्या आणि कॉइल लादलेले ट्रेलर. त्यांच्या ब्रेकचा सुस्कारा इथपर्यंत येतो. सर्व्हिस रोडवर धूळ, पंक्चरवाले, टायरांचे ढीग, नारळपाण्याची गाडी. शेड पत्र्याची. आत बाहेरहून गरम. हिरव्या जाळीखाली दोन गाड्या. एक करडी ऑक्टाव्हिया, रंग उडालेला पण दारं अजून भारदस्त आवाजात लागणारी. दुसरी पांढरी सेडान, पिवळी नंबरप्लेट, एमएच ४६. तिचा चालक स्टुलावर बसून आहे. सकाळपासून. आजचं भाडं गेलं.

"झाली का वायर, दादा?"

"झाली. आधी हिच्यावर बघतो."

ऑक्टाव्हियात स्टिअरिंगखाली कनेक्टर. इग्निशन ऑन. लॅपटॉप सीटवर, चार्जर लावलेला. पडद्यावर 'इंजिन'. क्लिक.

काहीच होत नाही. जुन्या के-लाइनवर पहिली हाक सेकंदाला पाच बिट एवढी सावकाश मारायची असते. गाडीतला कॉम्प्युटर कानावर हात ठेवून बसला असेल तरी ऐकेल अशी. दोन सेकंद लागतात. शेडमध्ये ते दोन सेकंद चांगलेच लांब असतात. दादाचा अंगठा कनेक्टरच्या गळ्याला आधार देऊन आहे, सवयीनं.

मग पडद्यावर आकडे येतात. भाग क्रमांक, कोडिंग, रांगेत.

अंगठा निघतो. आकडे टिकून राहतात.

दादा दोषांची यादी वाचतो, वहीत उतरवतो. एअरबॅगच्या पानावर जातो, वाचतो, परत येतो. तिथं काही लिहिण्याचं बटण आहे. त्याला तो हात लावत नाही. या वायरीनं वाचायचं आणि फार तर कोड उडवायचे, हा या शेडचा नियम आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काही लिहीत असताना वायर मध्येच सुटली किंवा बॅटरी खाली आली, तर तो कॉम्प्युटर तसाच अर्धवट राहतो, आणि पुन्हा जागा होईलच असं नाही. एअरबॅग आणि चावीचं लिखाण अस्सल साधन असलेल्या ओळखीच्या माणसाकडे जातं. काम सोडावं लागतं, पैसे सोडावे लागतात. दादा सोडतो.

आता पांढरी गाडी. तीच वायर, तिच्या कॅनच्या तारांवर. लॅपटॉप म्हणतो, गाडी नाही.

चालक स्टुलावरून उठतो. "परत बिघडली वायर?"

दादा वायर काढून बाजूला ठेवतो. टेस्ट लॅम्प घेतो. एक टोक चारवर, एक सोळावर. दिवा लागत नाही.

"वायर चांगली आहे. तुझ्या गाडीत सोळावर करंट नाही. चार्जर चालतो का मोबाइलचा?"

"नाही ना. चार दिवस झाले. म्हटलं चार्जरच गेला."

बऱ्याच गाड्यांत चार्जरची खाच आणि ही सोळा पिनांची खाच एकाच फ्यूजवर असतात. दादा डॅशखालचं झाकण काढतो, मोबाइलचा उजेड पाडतो. निळा फ्यूज, १५ अँपिअर. आतली पट्टी तुटलेली. नवा बसतो. टेस्ट लॅम्प लागतो. चार्जरच्या खाचेतून चिमट्यानं सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी निघते, तिनंच दोन टोकं जोडली होती. चालक ती हातात घेऊन बघत राहतो.

तरीही दादा वायर लगेच लावत नाही. बॅटरीचं एक टोक काढतो, थोडा थांबतो, मल्टिमीटर ओहमवर फिरवतो. काड्या सहा आणि चौदावर. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असतील तर मिळून ६० दिसतात. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, आणि अशा गाडीला वायर लावून काही कळणार नाही.

६०.४.

"लाव बॅटरी."

यावेळी दोन सेकंदही लागत नाहीत. कोड एकच. पी ०४०१. इंजिनातून परत फिरवलेला धूर पुरेसा येत नाही, असं गाडीचं म्हणणं.

"उडवून टाका ना, दादा. लाइट गेली की मी निघतो. विमानतळाचं भाडं आहे रात्री."

"उडवतो. पनवेल सोडेपर्यंत परत लागेल. मग रस्त्यात पॉवर पडली की गिऱ्हाईक तुला बोलणार."

चालक घड्याळाकडे बघतो. महामार्गाकडे बघतो. स्टूल परत ओढून घेतो. बोनेट उघडतं. दादा पाइप सोडवतो, बोट आत घालतो. बाहेर येतं ते पेरभर काजळीनं माखलेलं. आतलं अर्धं तोंड काळ्या थरानं भरलं आहे. व्हॉल्व्ह बदलायचा कोणी म्हटलं असतं तर चालकानं मान डोलावली असती, त्याला दुसरं काय कळणार? दादा व्हॉल्व्ह हातानं उघडझाप करून बघतो. हलतो. पुन्हा हलवून बघतो.

"व्हॉल्व्ह ठीक आहे. साफ करू. गॅस्केट लागेल फक्त." शेडमधलं पोरगं गॅस्केटच्या मापाचा तुकडा घेऊन कळंबोलीकडे पळतं. खरवडण्याचा आवाज सुरू होतो. काजळीचे पापुद्रे वर्तमानपत्रावर पडतात.

शेजारच्या शेडमधून हाक येते. "ती वायर झाली असेल तर दे रे, पोलो आली आहे."

दादा मान वर न करता वायरीकडे बोट दाखवतो. शेजारचा मिस्त्री येतो, वायर उचलतो, सवयीनं गळ्याशी धरून लोंबती ठेवतो.

"डोक्याला धर," दादा म्हणतो. "ओढायची असली तरी डोक्याला धरून ओढ. आणि पाचच्या आत परत आण, मला हिचे कोड पुन्हा बघायचेत."